दुपट्यावरचं काजळ

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



रविवारचं वर्तमानपत्र वाचून झालं, की बोटांना थोडं काळं लागलेलं असतं. आपण ते नकळत टॉवेलला पुसतो आणि वर घरच्यांची बोलणी खातो. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या काळ्याबद्दल. छपाईच्या शाईत ते असतं, चपलेच्या काळ्या तळव्यात असतं, गच्चीवरच्या काळ्या टाकीत असतं. आणि सगळ्यांत जास्त असतं ते गाडीच्या टायरमध्ये. टायरच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा या काळ्या भुकटीचा असतो. कारखान्यात तिला ‘कार्बन ब्लॅक’ म्हणतात. मराठी नाव शोधायला फार लांब जायला नको. ते काजळ आहे. जगभरात वर्षाला एक कोटी टनांहून अधिक काजळ तयार होतं आणि त्यातलं बहुतेक सगळं रबरात जातं.

हे काजळ बनवणाऱ्या भट्टीचे गॅस बर्नर आखणं हा माझा जवळजवळ पस्तीस वर्षांचा उद्योग. माझं लग्न ठरत असताना सासऱ्यांनी मध्यस्थाला विचारलं होतं, ‘‘मुलगा नेमकं काय करतो?’’ मध्यस्थानं प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘धूर करतो.’’ सासरे गंभीर झाले. इंजिनिअर धूर कमी करतात, एवढं त्यांना माहीत होतं. मुद्दाम धूर करणारा इंजिनिअर त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. लग्न झालं, पण तो प्रश्न काही सुटला नाही. पुढे एका बाईनं तो मला वेगळ्या तऱ्हेनं विचारला. त्या गोष्टीकडे मी येणारच आहे. त्याआधी ज्योतीची थोडी ओळख करून घेऊ.

माझा पहिला गुरू म्हणजे माझी आई. घरात बाळंतीण असली की आई काजळ धरायची. एरंडेल तेलाचा दिवा, त्याच्या दोन बाजूंना दोन विटा आणि विटांवर उपडी ठेवलेली काशाची वाटी. रात्री दिवा लावायचा आणि सकाळी वाटीच्या आत जमलेली काळी मखमल बोटानं खरवडून लोण्यात खलायची. मी शेजारी बसून बघायचो. वाटी फार खाली आली तर ज्योत गुदमरते आणि काजळ तेलकट, चिकट पडतं. वाटी फार वर गेली तर काजळ वाटेतच जळून जातं आणि वाटी कोरी राहते. आई जाड वात घालत नसे. तीन बारीक वाती घालायची. मी कारण विचारलं तर म्हणायची, ‘‘जाड वातीचं काजळ डोळ्याला खुपतं रे.’’

पुढे इंजिनिअर झाल्यावर मला कळलं की आईनं मला माझ्या धंद्याचा निम्मा अभ्यासक्रम तिथेच शिकवला होता. ज्योतीचा आकार, ज्योतीपासूनचं अंतर आणि हवा. लहान ज्योतीत कण बारीक पडतो, मोठ्या संथ ज्योतीत जाड पडतो. काजळाच्या बर्नरचं शास्त्र म्हणजे या तीन गोष्टींचा हिशेब.

आता स्वयंपाकघरात येऊ. गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असते. शेगडीच्या नळीला हवा आत ओढायला वाट ठेवलेली असते; तिथे गॅस आणि हवा आधी मिसळतात आणि मग जळतात. १८५५ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेननं प्रयोगशाळेसाठी असाच बर्नर करवून घेतला. शाळेतला बुन्सेन बर्नर तो हाच. पण शेगडीवर दूध उतू गेलं, भोकं बुजली, हवा कमी पडली, की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं होतं.

हा पिवळा रंग येतो कुठून? मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञानं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती. त्यांत त्यानं ज्योतीच्या उजळ भागात काचेची नळी धरून आतला काळा धूर बाहेर काढून दाखवला. ज्योतीच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे नुसती उष्णता असते. त्या उष्णतेनं इंधन फुटतं, हायड्रोजन सुटा होतो आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण मागे राहतात. ते तापून लालपिवळे होतात. त्यांच्याच उजेडात आपल्या आज्यांनी पोथ्या वाचल्या. ज्योतीच्या कडेला हवा भेटली की हे कण जळून जातात. त्याआधीच त्यांना गाठलं, गार केलं, तर ते आपल्या हाती लागतात. त्यांचं नाव काजळ.

म्हणजे काजळ हा जळणातला एक मधला मुक्काम आहे. इतर बर्नर आखणारे तो मुक्काम टाळतात. आम्हाला गाडी नेमकी तिथेच थांबवायची असते.

अमेरिकेत हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, कारण तिथे नैसर्गिक वायू जमिनीतून फुकट असल्यासारखा वर येत होता. १८७२ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू कंबरलँड इथे वायूच्या ज्योती दगडी लाद्यांवर धरून काजळ काढायला सुरुवात झाली. वीस वर्षांनी लाद्यांच्या जागी लोखंडी चॅनेल आले, आपण शेडच्या कैच्यांना वापरतो तसे. पत्र्याची लांबच लांब बुटकी घरं, आत ओळीनं टांगलेले चॅनेल आणि प्रत्येक चॅनेलखाली शेकडो चिमुकल्या ज्योती. चॅनेल अगदी सावकाश मागेपुढे सरकायचे. मध्ये बसवलेल्या पट्ट्या त्यांच्यावरचं काजळ खरवडायच्या आणि ते खालच्या नरसाळ्यात पडायचं. थोडक्यात, आईची काशाची वाटी आणि आईचं बोट.

या कारखान्यांचा सगळा जीव त्या बर्नरच्या टोकात होता. ती टोकं शंखजिऱ्याच्या दगडाची असत. तो दगड मऊ असतो, त्यामुळे हवी तशी बारीक चीर पाडता येते. मग भाजला की कठीण होतो आणि तो गंजत नाही. त्या चिरेतून गॅस निघाला की ज्योत माशाच्या शेपटीसारखी चपटी पसरायची. चीर अरुंद केली की काजळ बारीक, पण कमी. रुंद केली की काजळ जास्त, पण भरड. घरात हवा किती शिरू द्यायची ते तळाशी असलेल्या झडपांनी ठरायचं. वारा सुटला तरी ज्योती हलायच्या आणि माल बिघडायचा.

हे काजळ सुरुवातीला शाईत आणि रंगात जायचं. टायर तेव्हा फिकट रंगाचे असत. मिशेलिन कंपनीच्या जाहिरातीतला टायरांचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे, तो त्या काळातला, १८९८ सालचा. मग १९०४ च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाऊनमध्ये, रबराच्या एका कारखान्यात एस. सी. मोट यांच्या ध्यानात आलं की रबरात हे काजळ घातलं तर रबर नुसतं काळं होत नाही, ते चिवट होतं. झिजेला आणि फाटण्याला कितीतरी पटींनी जास्त टिकतं. त्यानंतर टायर काळे झाले आणि काजळाला न संपणारं गिऱ्हाईक मिळालं.

रबर चिवट का होतं? कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि रबराला धरायला तितकी जागा जास्त. टायरमध्ये वापरतात त्या एका नेहमीच्या जातीचा कण एक मीटरच्या सुमारे तीस अब्जांश भागाएवढा असतो. डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत असे दोन हजार कण सहज बसतील. आणि त्या काजळाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग पाऊणशे ते ऐंशी चौरस मीटर भरतो. ग्रॅम म्हणजे चमचाभरसुद्धा नाही, आणि त्याची घडी उलगडली तर शहरातला दोन खोल्यांचा फ्लॅट झाकून उरेल.

पण या चॅनेलच्या पद्धतीचा एक हिशेब फार वाईट होता. एक घनमीटर मिथेन वायूत अर्ध्या किलोच्या आसपास कार्बन असतो. त्यातला हाती लागायचा वीस-पंचवीस ग्रॅम. शंभरातले पाच टक्केसुद्धा नाहीत. उरलेला जळून जायचा किंवा धूर होऊन आकाशात जायचा. या नासाडीविरुद्ध अमेरिकेत आरडाओरडा झाला. वायोमिंग राज्यानं १९१९ साली कायदा केला, की गावापासून किंवा कारखान्यापासून दहा मैलांच्या आत, उष्णतेचा पुरता उपयोग न करता नैसर्गिक वायू असा नुसता काजळासाठी जाळायचा नाही. कारखानदार न्यायालयात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. न्यायालयानं १९२० साली राज्याच्या बाजूनं निकाल दिला. वायू ज्या जमिनीतून निघतो तिथल्या लोकांचाही त्यावर काही हक्क आहे, हा त्यातला विचार. मी कॉलेजात बर्नर शिकलो, पण हा निकाल मला कोणी शिकवला नाही. तो मी फार उशिरा वाचला.

१९४३ साली टेक्सासमधल्या बोर्गर इथे फिलिप्स पेट्रोलियम कंपनीनं तेलाच्या भट्टीचा कारखाना चालू केला आणि चित्र पालटलं. अमेरिकेतला चॅनेल पद्धतीचा शेवटचा कारखाना १९७६ साली बंद झाला. आपल्याकडे फिलिप्स कार्बन ब्लॅक ही कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना दुर्गापूरला उभा राहिला. पुढे इतरही आले. आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेलाही आज काजळाचा मोठा कारखाना आहे. या सगळ्या भट्ट्या याच, तेलाच्या पद्धतीच्या.

माझं काम या भट्टीतलं. तिचा तिढा ऐका. आडवी, गोल, आतून विटांचं अस्तर लावलेली भट्टी. एका तोंडाला गॅसचा बर्नर. त्याला आधीच तापवलेली हवा देतात, तीही गरजेपेक्षा जास्त. एक माप मिथेन पुरता जळायला सुमारे दहा मापं हवा लागते. इथे त्याहून अधिक. ही ज्योत अगदी स्वच्छ हवी, निळीच्या निळी. तिचा झोत सोळाशे-सतराशे अंशांच्या घरात जातो. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, म्हणजे कल्पना येईल. हा झोत भट्टीच्या अरुंद गळ्यात शिरतो, तिथे त्याचा वेग वाढतो, आणि नेमकं तिथे डांबरासारखं जड तेल बारीक फवाऱ्यानं आत सोडतात. तेल जाळायचं नसतं. झोताच्या उष्णतेनं ते फोडायचं असतं. सेकंदाच्या काही हजारांश भागांत त्याचं काजळ होतं. थोडं पुढे पाण्याचा फवारा बसतो आणि सगळं थांबतं. पाणी लवकर मारलं तर कच्चं तेल राहतं, उशीर झाला तर कमावलेलं काजळ हरवायला लागतं. या पद्धतीत तेलातला निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त कार्बन हाती येतो.

म्हणजे एकाच भट्टीत हातभर अंतरावर दोन उलट स्वभाव नांदवायचे. आधी शंभर टक्के स्वच्छ जळण आणि लगेच पुढे मुद्दाम अर्धवट ठेवलेलं काम. पहिली ज्योत बिघडली तर दुसरं काही सुधारत नाही.

आता ती गोष्ट. कारखान्याचं आणि गावाचं नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही, कारण चूक माझी होती.

साल १९८४. मी आखलेला नवा बर्नर बसवून तीन महिने झाले होते. ज्योत आखूड व्हावी म्हणून मी गॅसचं टोक मूळ जागेपेक्षा पुढे, गळ्याच्या दिशेनं आणलं होतं. कागदावर हिशेब सुरेख जमला होता. भट्टीची क्षमता वाढली, वरिष्ठांनी पाठ थोपटली.

मग एका आठवड्यात दोन तक्रारी आल्या. पहिली टायरच्या कारखान्याची. मालात खडा येतोय. आमच्याकडे काजळ पाण्यानं धुऊन अतिबारीक चाळणीतून सोडतात. चाळणीवर काही उरता कामा नये. त्यांच्या चाळणीवर काळे टणक कण उरत होते. टायरमध्ये असा एक कण राहिला तर पुढे तिथूनच भेग जाते. त्या टायरवर कोणाची तरी एसटी, कोणाचा तरी ट्रक धावणार असतो.

दुसरी तक्रार कागदावर नव्हती. मी फाटकाजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. पहारेकरी एका तरुण बाईला घालवून देत होता. मी चौकशी केली. तिनं पिशवीतून बाळाचं दुपटं काढलं आणि माझ्यासमोर धरलं. जुन्या पातळाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं दुपटं. त्यावर काळे ठिपके. झटकायला गेलं की पसरणारे.

ती म्हणाली, ‘‘साहेब, काजळ डोळ्यात घालतात. नाकात नाही घालत.’’

मी सांगितलं, की आम्ही हे मुद्दाम सोडत नाही, सगळं पिशव्यांच्या गाळणीतून जातं. तिनं शांतपणे विचारलं, ‘‘मग इथं कसं येतं?’’

मला उत्तर देता आलं नाही. दुपटं तिनं टपरीच्या बाकावर ठेवलं आणि ती निघून गेली.

मी दोन्ही तक्रारींचा वेगवेगळा तपास करत होतो. खड्यासाठी तेलाचे फवारे तपासले. ठिपक्यांसाठी गाळणीच्या पिशव्या तपासल्या. दोन्ही ठीक. आमच्याकडे एक जुना फिटर होता. सगळे त्याला मामा म्हणत. आठ दिवसांनी मामा मला म्हणाला, ‘‘साहेब, एकदा भट्टीच्या डोळ्यातून बघता का?’’ भट्टीला काच लावलेलं एक छोटं भोक असतं, त्याला आम्ही डोळा म्हणतो. मी निळा चष्मा चढवून पाहिलं. ज्योत सरळ जायला हवी होती, ती डावीकडे कललेली. मामा म्हणाला, ‘‘घोड्यावरून पडायला आलेला नवरदेव वाटतोय की नाही?’’

मी विचारलं, ‘‘कधीपासून?’’ मामानं शिफ्टची वही उघडली. महिन्याभरात तीन वेळा त्यानं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: ज्योत डावीकडे. ती वही रोज माझ्या टेबलावर यायची. मी आकड्यांचे रकाने वाचायचो, शेऱ्यांचा नाही.

भट्टी थंड करून टोक बाहेर काढलं. सहा छिद्रांपैकी दोन निम्मी बुजली होती आणि टोक वाकलं होतं. मी ते पुढे आणलं होतं तिथली आच त्याला सोसली नव्हती. मग सगळं उलगडलं. ज्योत कलली म्हणून झोत गळ्याच्या एका बाजूनं वाहत होता. दुसऱ्या बाजूच्या तेलाच्या फवाऱ्याला पुरेशी आच मिळत नव्हती. ते तेल फुटण्याऐवजी विटांवर आपटत होतं, तिथे त्याचा कोळसा धरत होता आणि त्याचे टवके मालात जात होते. हा झाला खडा.

आणि दुपटं? ज्योत आहे की विझली, हे पाहणारं एक उपकरण भट्टीवर असतं. त्याची नजर एका ठरलेल्या रेषेत असते. ज्योत कलली की ती मधूनच त्या नजरेबाहेर जायची. उपकरण समजायचं, ज्योत विझली. आणि भट्टी आपोआप बंद पाडायचं. उपकरणाचं बरोबरच होतं. ज्योत खरोखर विझली आणि गॅस चालू राहिला, तर भट्टीचा बॉम्ब होतो. पण भट्टी अशी बंद पडली आणि पुन्हा पेटवली, की पहिली काही मिनिटं त्यातला वायू गाळणीकडे नेता येत नसे. पिशव्या ओल्या होतात, हवा शिरली तर आतल्या आत पेट घेतात. म्हणून तो थेट चिमणीतून सोडावा लागे. महिन्याभरात सात वेळा असं झालं होतं. माझ्या अहवालात त्या सात ‘किरकोळ थांबण्या’ होत्या. वस्तीत त्या सात वेळा वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरल्या होत्या.

मी टोक मागे घेतलं. त्याच्याभोवती थंड हवेचा पडदा दिला. छिद्रांचे कोन बदलले आणि हवेला थोडा पीळ दिला, म्हणजे ज्योत स्वतःभोवती फिरत मधोमध राहील. टोक सहज बाहेर काढून दर आठवड्याला पाहता येईल अशी रचना केली. ज्योतीवर नजर ठेवणारी दोन उपकरणं बसवली. इतर कारणांनी भट्टी थांबवताना तेल आधी बंद आणि गॅस शेवटी, असा क्रम बांधून दिला, म्हणजे आत उरलेलं तेल स्वच्छ ज्योतीसमोर संपून जाईल.

टोक मागे घेतल्यानं तासाचं उत्पादन थोडं कमी होणार होतं. वरिष्ठ म्हणाले, ‘‘एका बाईच्या दुपट्यासाठी?’’ मी सांगितलं, ‘‘नाही, टायरवाल्याच्या पत्रासाठी.’’ श्रोतेहो, हे उत्तर मी धोरणानं दिलं, आणि त्याची मला आजही थोडी लाज वाटते. खरं उत्तर होतं, हो, दुपट्यासाठी. पुढे महिन्याचा हिशेब लागला, तेव्हा बंद पडणं थांबल्यामुळे उत्पादन उलट वाढलेलं दिसलं. पण ते मला आधी माहीत नव्हतं, आणि त्याच्यावर सगळं अवलंबून असायला नको होतं.

दीड महिन्यानं मामानं बातमी आणली. तो त्याच वस्तीत राहायचा. म्हणाला, ‘‘दुपटी पांढरी वाळतायत साहेब. पण सांडग्यांवर अजून पडतंय. ते तुमच्या भट्टीचं नाही, पॅकिंगकडचं आहे.’’ सांडगे वाळत घालायची गच्ची पॅकिंगच्या अंगाला होती. मग पॅकिंगच्या मागे लागलो. त्याला आणखी वर्ष गेलं. गोष्टीत एका फटक्यात सगळं स्वच्छ होतं, तसं प्रत्यक्षात होत नाही.

तेव्हापासून माझी एक सवय बदलली. बर्नर आखताना मी आधी विचारतो, हा बिघडेल तेव्हा कसा बिघडेल, आणि त्या वेळी भट्टीतलं काळं कुठे जाईल? चालू ज्योत सगळ्यांनाच आखता येते. बिघडणारी ज्योत आखणं, हे खरं काम.

आणि हे नुसतं कपड्यांपुरतं नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९६ साली कार्बन ब्लॅकला ‘माणसाला कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात घातलं आणि २००६ साली फेरतपासणी करून तेच कायम ठेवलं. ‘कदाचित’ हा शब्द दोन्ही बाजूंनी नीट वाचायचा. घाबरून टायर टाकून द्यायचे नाहीत. टायरमध्ये काजळ रबराला घट्ट धरून असतं. पण ज्याच्या हाताखालून ते मोकळं, भुकटी होऊन जातं, त्या पॅकिंगच्या कामगाराच्या नाकापुढे ‘कदाचित’ ठेवून निघून जायचं नाही. आज चांगल्या कारखान्यांत काजळ पाण्यात मळून त्याचे दाणे करतात आणि बंद नळ्यांतून नेतात. भट्टीतून काजळ गाळल्यावर जो वायू उरतो, त्यात हायड्रोजन असतो आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. हा दुसरा वायू विषारी, त्याला ना रंग ना वास. तो पूर्वी बराचसा वाया जायचा. आता तो बॉयलरखाली जाळून वीज करतात. हा वायू फार अशक्त. त्यात पाण्याची वाफ आणि नायट्रोजनच फार. शेगडीच्या गॅससारखा तो पटकन पेटत नाही, टिकत नाही. त्याला पेटता ठेवणारा बर्नर आखणं हे माझ्या नोकरीतलं शेवटचं काम होतं. धूर करणाऱ्या जावयानं निवृत्त होताना धूर जाळण्याचं काम केलं, हे ऐकायला सासरे असायला हवे होते.

ज्योतीशिवाय काजळ काढण्याचे प्रयत्नही आता चालले आहेत. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये विजेच्या प्रखर झोतानं नैसर्गिक वायू फोडून काजळ आणि हायड्रोजन वेगळे करणारा कारखाना उभा राहिला. त्यात काही जळतच नाही. तसं सगळीकडे झालं तर माझी विद्या संग्रहालयात जाईल. मला त्याचं वाईट वाटणार नाही.

माझ्या नातीच्या बारशाला मी गमतीनं म्हटलं, काजळ मी धरतो. डॉक्टर मुलीनं डोळे वटारले. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायचं नाही, हे आता सगळे डॉक्टर सांगतात आणि ते योग्यच आहे. शेवटी तडजोड झाली. तळपायाला एक तीट. बस.

ते दुपटं त्या बाईनं परत नेलं नाही. मी ते धुतलं नाही. माझ्या ड्रॉइंगच्या कपाटात खालच्या खणात ते आहे. अजूनही कधीतरी एखादा तरुण इंजिनिअर बर्नरचं काही विचारायला घरी येतो. मी त्याला आधी चहा देतो, मग ते दुपटं दाखवतो, आणि ड्रॉइंग त्यानंतर उघडतो.